ओळखीच्या बाईंचं बेट

५ फेब्रुवारी, बुधवार

धाकटे,

तुझं पुस्तक मिळालं. गेल्या गुरुवारी लाँचवाले दादा बटाटे, रॉकेल, ऑफिसचं टपाल आणि ते घेऊन आले. वेष्टण भिजलं होतं, पुस्तक कोरडं होतं. आत तू लिहिलंयस, ‘ताईस, प्रेमपूर्वक.’ अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे घसरत जाणारं. चार वर्षांत तुझ्याकडून आलेले हे पहिले दोन शब्द. म्हणून पोच देते आहे.

वाचलेलं नाही. मला वेळ नसतो. तू म्हणशील, बेटावर एकट्या राहणाऱ्या बाईला वेळ नसायला काय झालं? पण सकाळी सहा, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा वाजता खाली उतरून जलाशयाची पातळी बघायची, वायरलेसवर धरणाच्या ऑफिसला कळवायची, वहीत लिहायची. एकशे बारा पायऱ्या खाली, एकशे बारा वर. एकोणीस वर्षं झाली. तू तीन आठवडे पाहिलंस, तेवढ्यावर तुला वाटलं असेल की सगळं पाहिलं.

वर्तमानपत्रातली तुझी मुलाखत मात्र वाचली. दादा कांदे ज्या कागदात गुंडाळून आणतात त्यातच होती. फोटो चांगला आलाय. केस कापलेस ते शोभतात. त्यांनी विचारलंय, ‘या कादंबरीतली जागा इतकी अंगावर येते, ती कशी सुचली?’ आणि तू म्हणालीस, ‘एका ओळखीच्या बाईंकडे काही दिवस राहिले होते.’

ओळखीच्या बाई.

कांदे टोपलीत टाकले. कागद जपून ठेवलाय.

ताई


१९ फेब्रुवारी, बुधवार

धाकटे,

तुझं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. लिहितेस की ‘ओळखीच्या बाई’ हे मला उजेडात ओढू नये म्हणून म्हणालीस. ठीक आहे. उजेडाची मला सवय नाही हे खरंच.

पुढे लिहितेस की पुढच्या महिन्यात तुझं व्याख्यान आहे, ‘जागा आणि एकांत भयकादंबरी कशी घडवतात’ या विषयावर. आणि मी चार ओळी लिहून पाठवाव्यात, कारण ‘त्यातलं तुला जास्त कळतं.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. माझ्याकडून उसनं घेऊन तू व्यासपीठावर उभी राहणार, लोक माना डोलावणार.

तरी लिहिते. पुस्तक वाचून झालं, दोन दिवसांत संपवलं, म्हणून सांगण्यासारखं बरंच आहे.

तुझी कादंबरी बेट सोडून एकदाही बाहेर जात नाही, हे चांगलं केलंस. वाचणाराही अडकतो. शहरातलं एखादं प्रकरण मध्ये घातलं असतंस तर त्याला श्वास घ्यायला जागा मिळाली असती आणि भीती तिथेच सांडली असती. पाण्याची पातळी मोजणाऱ्या त्या बाईला नाव न देता नुसतं ‘मोजणारी’ म्हटलंस, तेही जमलंय. कोणावरून घेतलीस ते विचारत नाही.

पण अकराव्या प्रकरणात तू दार वाजवलंस. तिथे तुझा शहरीपणा उघडा पडला. अगं, इथे दार कोणी वाजवत नाही, आणि वाजलंच तर भीती संपते, कारण बाहेर कोणीतरी आहे हे कळतं. भूत का होईना, सोबत झाली. एकांताची भीती अशी नसते. गुरुवारी दादा येतात तेव्हा माझी पहिली दोन वाक्यं फाटक्या आवाजात निघतात, कारण शुक्रवारपासून वायरलेसवरच्या आकड्यांपलीकडे घसा वापरलेला नसतो. तो फाटका आवाज ऐकून क्षणभर वाटतं, ही कोण बोलली. भीती तिथे आहे.

आणि तुझ्या कादंबरीत सगळं अंधारात घडतं. अंधारात माणूस झोपतो. भीती दुपारी दोनला असते. पाणी ताटासारखं सपाट, वारा नाही, पक्षी नाही, सावली पायाखाली. मोजपट्टीवरचा आकडा कालचाच असतो. परवाचाही तोच होता. मग वाटायला लागतं की आज आपण खरंच खाली उतरलो, की कालचंच आठवतंय?

हे तुला तीन आठवड्यांत कसं कळणार?

आपल्या जुन्या घरातली मागची खोली आठवते? खाली लाँड्री, वर आपण. आई दवाखान्यात ड्युटीवर. खालचं मशिन फिरायला लागलं की भिंत थरथरायची आणि तू माझा दंड धरून म्हणायचीस, ‘ताई, आज त्याच्या पोटात कोण आहे?’ मी रोज एक माणूस त्या मशिनच्या पोटात घालायचे. तू घाबरून झोपायचीस, आणि मी एकटी जागी राहायचे. भीती तुला मी शिकवली, धाकटे. हेही व्याख्यानात सांगितलंस तर बरं.

परवा ऑफिसची दोन माणसं आली होती. धक्क्याजवळच्या खांबावर एक पेटी बसवून गेली, वर सौर पत्रा. ती पेटी आपोआप पातळी मोजून कळवणार म्हणे. चाचणी चालू आहे. माझं पुढे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ताई


६ मार्च, गुरुवार, सकाळ

हे पत्र घाईत लिहिते आहे. दादा धक्क्यावर थांबलेत, याच फेरीत ते गेलं पाहिजे.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. मीसुद्धा एक कादंबरी लिहिली आहे. नऊ वर्षं लागली. याच बेटावरची, पातळी मोजणाऱ्या बाईची. गेल्या नोव्हेंबरात एका प्रकाशकाकडे पाठवली. तुझा नाही, दुसराच. आजच्या टपालात उत्तर आलं. त्यातल्या ओळी जशाच्या तशा देते:

‘परिसराचं वर्णन अस्सल वाटतं. मात्र अलीकडेच गाजलेल्या एका कादंबरीची छाप लेखनावर फार दाट आहे. एकाकी बेट, पातळी मोजणारी स्त्री, रोजच्या पायऱ्या. लेखिकेने स्वतःच्या अनुभवविश्वातलं काही लिहावं, अशी सूचना करावीशी वाटते.’

माझ्या अनुभवविश्वातलं.

धक्क्यावर उभ्यानेच वाचलं. दादांनी विचारलं, ‘बाई, वाईट बातमी आहे का?’ मी म्हटलं, ‘नाही. मी माझीच नक्कल केली असं कळलंय.’ त्यांना काही उमगलं नाही, तरी त्यांनी मान हलवली. भला माणूस आहे.

तू इथे होतीस तेव्हा माझ्या वह्या खिडकीखालच्या पेटीत होत्या. पेटीला कुलूप नव्हतं. मी खाली पातळी बघायला जायचे तेव्हा तू घरात एकटी असायचीस, दिवसातून तीनदा. तुझं तिसरं प्रकरण, जिथे मोजणारी रिकाम्या खुर्चीला आकडे वाचून दाखवते, ते मी लिहिलेलं आहे. शब्द बदललेस. खुर्ची तीच आहे.

मी तुझ्यावर जळते, हे आता लिहूनच टाकते. तुझ्या मुलाखतीवर, केसांवर, त्या व्याख्यानावर. पण सगळ्यात जास्त जळते ती यावर की तू तीन आठवड्यांत जे उचललंस ते मला नऊ वर्षांत नीट मांडता आलं नाही. तुझं तिसरं प्रकरण माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे लिहिताना माझा हात दुखतोय.

उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.


१२ मार्च, बुधवार

धाकटे,

तुझं पत्र अजून आलेलं नाही आणि उद्या येईल की नाही माहीत नाही. त्याआधी मला एक सांगायचं आहे.

गेल्या गुरुवारी ते पाकीट हातात दिल्यावरही दादा निघेनात. लाँचच्या काठावर बसले, टोपी काढली. म्हणाले, ‘तुमच्या बहिणीचं पुस्तक माझ्या मुलीने आणलंय. तिने मला वाचून दाखवलं. त्यात मी आहे.’

‘असाल. सगळेच आहेत.’

‘पण त्यात लाँच बिघडत नाही, बाई. त्यात घरमालकीण घरामागच्या खांबावर लाल कापड चढवते, लाँचने येऊ नये म्हणून.’

ते टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘त्या वेळी तुम्ही दोन गुरुवार लाल लावलं होतं. मला वाटलं धक्क्याच्या पायऱ्या सुटल्यात, म्हणून मी वळणावरूनच परत गेलो. तिसऱ्या गुरुवारी तुमच्या बहिणीला न्यायला आलो, तर त्या लाँचमध्ये बसल्या बसल्या मला म्हणाल्या, झाली का लाँच दुरुस्त? मी म्हटलं, हिला काय झालंय? हिला कधी काही होत नाही. त्यावर त्या नुसत्या हसल्या.’

‘हे मला चार वर्षं का सांगितलं नाहीत?’

‘तुमच्या घरातलं होतं,’ ते म्हणाले, आणि इंजिन चालू केलं.

आता खरं सांगते. मी तुझं पुस्तक संपवलं नव्हतं. दोन दिवसांत वाचलं म्हणाले, ते खोटं. अकराव्या प्रकरणाला थांबले होते. दार वाजल्यावर मला इतकं बरं वाटलं की इथे ती चुकली, की पुढे जावंसंच वाटेना. दादा गेल्यावर ओट्याशी उभी राहून उरलेलं सगळं वाचलं. दोनची नोंद अडीचला केली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

तर हो. लाँच बिघडली असं वायरलेसवर कळलं, हे मी तुला सांगितलं ते खोटं होतं. लाल कापड मी चढवलं. तू आठवड्यासाठी आलीस आणि मी तुला तीन आठवडे ठेवलं. तू विचारायचीस, ‘ताई, काही कळलं का?’ आणि मी वायरलेसचा हेडफोन कानाला लावून, काहीच न ऐकता, ‘अजून सुटा भाग आला नाही’ म्हणायचे.

सोबत हवी म्हणून केलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. थोडं तसं होतंही. तू सकाळी केस विंचरताना गुणगुणायचीस, ते ऐकायला मी पायऱ्या भरभर चढायचे. पण सातव्या दिवशी तू खिडकीत बसून चार पानं लिहिलीस आणि मला वाचून दाखवलीस. सहज. जेवण झाल्यावर हात पुसता पुसता. ती पानं चांगली होती. मी ‘बरंय’ म्हटलं आणि भांडी घासायला घेतली. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. तू उठायच्या आत मी कापड चढवून आले होते.

या जागेने माझं जे केलं ते तुझंही करावं, असं मला वाटत होतं. तू गुणगुणणं थांबवावंस. लिहिणं थांबवावंस. रडत म्हणावंस की ताई, इथे कसं राहायचं, मला जाऊ दे. मी तुला घाबरवायला ठेवून घेतलं, आणि तू त्या भीतीचं पुस्तक केलंस.

पण शेवटून दुसऱ्या प्रकरणाचं काय करू ते सांग. त्यात पाहुणी भल्या सकाळी घरामागे जाते, खांबावरचं लाल कापड बघते. दोरी हातात घेते. वाचणाऱ्याला वाटतं, आता ती ते उतरवणार. आणि ती गाठ आणखी घट्ट करून घरात येते, चहा ठेवते.

दुसऱ्या गुरुवारी संध्याकाळी ते कापड उतरवायला गेले तेव्हा मला गाठ सुटेना. दमट हवेने दोरी फुगली असेल असं वाटलं. शेवटी सुरीने कापली. दोरी फुगलेली नव्हती, होय ना?

ताई


२ एप्रिल, बुधवार

धाकटे,

तुझं नऊ पानी पत्र मिळालं. उजवीकडे घसरणाऱ्या अक्षरात नऊ पानं वाचणं सोपं नाही.

तू सगळं कबूल केलंस. वह्या वाचल्यास. खुर्ची माझी. लाल कापड पहिल्याच गुरुवारी खिडकीतून दिसलं होतं. भीती वाटली, मग राग आला, आणि मग वाटलं की हे थांबू नये. ‘मला ती भीती हवी होती, ताई. शहरात मला कशाचीच भीती वाटत नव्हती आणि एक ओळ सुचत नव्हती. तू मला कोंडून ठेवते आहेस हे माहीत असताना तुझ्या हातचा चहा प्यायचा, याच्याइतकं भयंकर आणि याच्याइतकं जिवंत मला कधीच काही वाटलं नाही.’ हे तुझं वाक्य. कादंबरीतल्या कोणत्याही वाक्यापेक्षा बरं आहे.

म्हणजे मी वायरलेसशी नाटक करत होते आणि तू ते नाटक बघत होतीस. दोघी एकाच टेबलाशी जेवत होतो.

त्या प्रकाशकाला पत्र लिहून खरं काय ते सांगते, असं म्हणतेस. नको. तुझ्या शिफारशीने छापलेलं पुस्तक मला उशाशीही ठेवता येणार नाही. पुढच्या आवृत्तीत माझे आभार मानणार म्हणतेस, तेही नको. आभाराच्या पानावर लेखिकेची ताई असते. मला त्या पानावर जायचं नाही.

आता तुझा शेवटचा परिच्छेद. दुसरी कादंबरी अडली आहे, फ्लॅटमध्ये सुचत नाही, पुन्हा बेटावर यायचं म्हणतेस. ‘या वेळी पांढरं-लाल काही का लावेनास.’

ऐक. कालपासून ती पेटीच पातळी मोजते. ऑफिसने पत्र दिलंय, माझं काम संपलं. पेन्शन सुरू होईल. क्वार्टर जूनअखेरपर्यंत माझ्याकडे आहे. सकाळी सहाला सवयीने खाली गेले. आकडा बघितला आणि तो कोणाला सांगायचा ते कळेना. घरी येऊन बसले. अशी दुपार मी इथे कधी पाहिली नव्हती.

म्हणून माझी अट. तू ये, पण मी नसेन. तू मागच्या वेळी ज्याला एकांत समजलीस त्यात मी होते. दोन माणसं, त्यातली एक खोटं बोलणारी, हे भांडण झालं, एकांत नव्हे. तुला खरी जागा हवी असेल तर दोन महिने एकटी राहा. आणि ते दोन महिने मी तुझ्या फ्लॅटवर राहणार. तुझ्या टेबलावर लिहिणार. किल्ली दादांबरोबर पाठव.

तू नाही म्हणालीस तर मला राग येणार नाही. तू घाबरलीस असं समजेन.

ताई


२४ एप्रिल, गुरुवार, तुझ्या फ्लॅटवरून

धाकटे,

धक्क्यावर आपण दोघी तीन-चार मिनिटंच भेटलो. तू उतरलीस, मी चढले. दादा मध्ये उभे राहून सामान इकडचं तिकडे करत होते. तू म्हणालीस, ‘बारीक झालीस, ताई.’ मी म्हटलं, ‘चहाची पूड वरच्या डब्यात आहे.’ चार वर्षांनी एवढंच सुचलं. लाँच वळणावर आल्यावर मी मागे बघितलं, तू अजून उभी होतीस. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एकदम हलकं वाटलं.

तुझा फ्लॅट मी कपाटांसकट बघितला, हे तुला माहीत असलेलं बरं. शेल्फावर तुझ्याच पुस्तकाच्या सात प्रती आहेत, त्या मी उलट्या फिरवून ठेवल्यात. टेबल फार छान आहे. असं टेबल असतं तर मीही, असं रोज वाटतं, आणि मग आठवतं की आता ते माझ्यापुढेच आहे आणि सबब संपली.

पहिले पाच दिवस एक शब्द लिहिला नाही. इथे आवाज फार. वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची ओढतं, खाली बसचं दार उघडतं तेव्हा ती उसासा टाकते, बाजूच्या घरात दोघं नवराबायको कुजबुजत भांडतात. बेटावर कोणी नाही म्हणून भीती वाटायची. इथे भिंतीपलीकडे माणूस आहे, त्याचा श्वास ऐकू येतो, आणि तो मेला तरी मला वासाशिवाय कळणार नाही, याची वाटते. जागा बदलली, भीतीने फक्त कपडे बदलले. तुझ्या व्याख्यानात हे होतं का? नसेल तर ते माझं आहे, वापरू नकोस.

सहाव्या दिवशी जिन्यात तुझ्या समोरच्या बाई भेटल्या. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. आपलं नाक सारखं आहे. म्हणाल्या, ‘ते बेटावरचं पुस्तक लिहिणाऱ्या तुम्हीच ना? आठवडाभर मला एकटीला आंघोळीला जायची भीती वाटत होती.’

मी म्हटलं, ‘हो, मीच.’

पुढे दहा मिनिटं त्या बोलल्या आणि मी ऐकून घेतलं. जिना चढून वर आले, हात धुतले, टेबलाशी बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाही. बेट नाही, पाणी नाही, मोजणारी नाही. एक बाई आहे, ती दुसऱ्याच्या घरात राहायला येते आणि शेजारी तिला ती दुसरीच समजतात, आणि ती नाही म्हणत नाही. नऊ पानं झाली. सकाळी पुन्हा वाचली. चांगली आहेत. मला हे माझ्या लिहिण्याबद्दल कधीच वाटलं नव्हतं.

तुझं पत्र आज सकाळी आलं. दीडच पान. लिहितेस की पेटीचा टिक असा आवाज दर पंधरा मिनिटांनी होतो आणि तू खाली धक्क्यावर त्याची वाट बघत बसतेस. काल तिला मोठ्याने ‘थँक यू’ म्हणालीस. लिहिणं होत नाही. आणि खाली, एवढ्या बारीक अक्षरात की मला खिडकीशी जावं लागलं, ‘तू एकोणीस वर्षं इथे काय केलंस ग, ताई?’

हा प्रश्न तू चार वर्षांपूर्वी तीन आठवडे माझ्यासमोर बसून विचारला नाहीस. मीही तुला कधी विचारलं नाही की एवढ्या माणसांत तू एकटी कशी पडलीस. तुझ्या फ्रिजमध्ये एका माणसाचं जेवण बसेल एवढेच डबे आहेत, ते बघितलं मी.

उत्तर एका पत्रात मावणार नाही. परत ये, मग सांगेन. दादांना सांगितलंय, तू म्हणशील त्या दिवशी ते येतील, दोन महिने व्हायची वाट बघू नकोस. मला मात्र इथून एवढ्यात हलवू नकोस. बैठकीच्या खोलीत तुझं अंथरूण घालू, टेबल मी देणार नाही.

नऊ पानांची नक्कल सोबत पाठवते आहे. आधी चहा कर, मग वाच. वाचताना तुला ती आवडावीत असं वाटतं. पण त्याहून जास्त वाटतं की तिसऱ्या पानावर तू थांबावंस, कागद खाली ठेवावास, आणि तुझ्या पोटात जरासं दुखावं.

तुझी
ताई